आईचा थायरॉइड, मावशीचं ॲडिसन, भाच्याची शुगर: रक्तातून नेमकं काय उतरतं?

तांबडीमाती

आमच्या घरात तीन ग्रंथींचे तीन आजार आहेत. आईला हाशिमोटोचा थायरॉइड, मावशीला ॲडिसन आणि बहिणीच्या मुलाला टाईप १ डायबेटिस. डॉक्टर वेगळे, फायली वेगळ्या, आणि घरात बोलतानाही ती तीन वेगळी दुखणीच असतात. मध्यंतरी भाचीच्या लग्नाची बोलणी चालली होती. मडगावकडची माणसं, शिकलेली, वागायला चांगली. मुलाच्या आईने सरळ विचारलं, "भावाला शुगर आहे म्हणजे ती तुमच्या रक्तातच आहे ना?" बहीण गप्प बसली. मी उच्च माध्यमिकला जीवशास्त्र शिकवतो, तेव्हा उत्तर मीच द्यायला हवं होतं. पण ते चहा संपेपर्यंत सांगून होण्यासारखं नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितोय. फोंड्यापासून पेडण्यापर्यंत अशी घरं पुष्कळ आहेत.

आधी मूळ मुद्दा. या तिन्ही आजारांत ग्रंथी आपणहून बिघडत नाही, आपलीच प्रतिकारशक्ती तिच्यावर चाल करते. १९१२ साली हाकारू हाशिमोटो या जपानी सर्जनने चार बायकांच्या काढलेल्या थायरॉइड ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तर ग्रंथीभर लिम्फोसाइट या प्रतिकारशक्तीच्या पेशींची गर्दी! त्या पेशी तिथे का आल्या याचं उत्तर १९५६ मध्ये मिळालं. लंडनमध्ये रॉइट, डोनियाक आणि कॅम्पबेल यांना अशा रुग्णांच्या रक्तात थायरॉइडच्याच प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी सापडल्या. टाईप १ मध्ये हल्ला स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर होतो, ॲडिसनमध्ये मूत्रपिंडांवर बसलेल्या ॲड्रीनल ग्रंथींच्या बाहेरच्या थरावर. जागा वेगळ्या, प्रकार एकच.

आता जनुकं. सगळ्यात मोठा वाटा सहाव्या गुणसूत्रावरच्या एचएलए जनुकांचा आहे. टाईप १ मध्ये आनुवंशिक धोक्यातला जवळजवळ निम्मा भाग एकट्या या पट्ट्यातून येतो. या जनुकांपासून बनणारे रेणू पहारेकरी पेशींच्या पृष्ठभागावर असतात. पेशीने गिळलेल्या प्रथिनांचे तुकडे ते हल्ला करायचा की नाही हे ठरवणाऱ्या टी पेशींपुढे धरतात, पंगतीत ताट पुढे करावं तसे. ताटाचा आकार माणसागणिक वेगळा, त्यामुळे कुठला तुकडा त्यात बसेल आणि कुठला नाही हेही वेगळं. एचएलएच्या डीआर३ आणि डीआर४ या दोन्ही प्रकारांचा जोड ज्याच्याकडे आहे त्याला टाईप १ चा धोका सर्वाधिक. यात एक बारकावा मला फार विलक्षण वाटतो. एचएलएमधल्या डीक्यू रेणूच्या बीटा साखळीत ५७व्या जागी ॲस्पार्टिक आम्ल असेल तर बहुधा संरक्षण मिळतं. त्या एका जागी दुसरं अमिनो आम्ल असेल तर धोका वाढतो. हे १९८७ मध्ये कळलं. एवढ्या मोठ्या रेणूत एका अमिनो आम्लाने इतका फरक!

आणि हेच डीआर३, डीआर४ प्रकार ॲडिसनमध्ये आणि थायरॉइडच्या आजारांतही कमीअधिक प्रमाणात दिसतात. आई, मावशी आणि भाचा यांना जोडणारा धागा बहुधा इथेच आहे. त्यांच्याकडे "थायरॉइडचं जनुक" किंवा "शुगरचं जनुक" आलेलं नाही. स्वतःच्या ऊतींबद्दल प्रतिकारशक्तीची सहनशीलता थोडी कमी, एवढा कल घरात उतरलाय. तो कुणाच्या कुठल्या ग्रंथीवर निघेल हे पुढे ठरतं. कुणावर निघतच नाही.

ही सहनशीलता शिकवण्याचं काम छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत होतं. स्वतःच्या प्रथिनांवर धावून जाणाऱ्या टी पेशी तिथेच बाद होतात. पण त्यासाठी थायमसला इन्सुलिन, थायरॉइडमधलं थायरोग्लोब्युलिन अशी शरीरभरची प्रथिनं थोडी थोडी स्वतः बनवून दाखवावी लागतात. एकविसाव्या गुणसूत्रावरचं एआयआरई नावाचं जनुक हे घडवून आणतं. १९९७ मध्ये ते सापडलं, ज्या मुलांमध्ये ते बिघडलेलं असतं त्यांच्यावरून. त्या मुलांना तोंडातला बुरशीचा चिवट संसर्ग, मग पॅराथायरॉइड (रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथी) बंद पडणं, मग ॲडिसन, असं एकामागून एक होत जातं. आजार दुर्मीळ, पण सगळी यंत्रणा त्याने उघडी करून दाखवली. नेहमीच्या टाईप १ मध्येही याचंच सौम्य रूप आहे: अकराव्या गुणसूत्रावर इन्सुलिनच्या जनुकाशेजारी पुनःपुन्हा येणाऱ्या अक्षरांचा एक पट्टा असतो. तो लांब असेल तर थायमसमध्ये इन्सुलिन जास्त बनतं आणि संरक्षण मिळतं. आखूड असेल तर कमी.

थायमसमधून काही टी पेशी तरीही निसटतात. त्यांना आवरण्यासाठी पुढे आणखी बंधनं असतात. सीटीएलए-४ हे त्यातलं एक, आणि त्याचे काही प्रकार ग्रेव्हज (थायरॉइड जादा काम करतो तो आजार), हाशिमोटो, टाईप १, ॲडिसन या सगळ्यांत पुन्हा पुन्हा सापडतात. कर्करोगावरच्या काही नव्या औषधांत हेच बंधन मुद्दाम सोडवतात. अशा रुग्णांपैकी काहींच्या मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीला किंवा थायरॉइडला मग सूज येते. जनुकांचा अभ्यास जे सांगत होता ते औषधाने डोळ्यांसमोर आणलं. दुसरं बंधन म्हणजे नियामक टी पेशी आणि त्यांना घडवणारं फॉक्सपी३ जनुक. त्या कामासाठी साकागुची, ब्रंकॉ आणि रॅम्सडेल यांना २०२५ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं.

तर मग मडगावच्या बाईंना उत्तर काय? एकसारख्या जनुकांच्या जुळ्यांत एकाला ग्रेव्हज असेल तर दुसऱ्याला तो असण्याचं प्रमाण डॅनिश अभ्यासात सुमारे ३५ टक्के निघालं. सगळी जनुकं तीच, तरी तीनातल्या दोघांना आजार नाही. टाईप १ मध्ये ते प्रमाण जास्त आहे आणि वयाबरोबर वाढत जातं, पण शंभर होत नाही. सख्ख्या भावंडाला टाईप १ असेल तर धोका साधारण ५ ते ६ टक्के, वडिलांना असेल तर मुलाला जवळजवळ तेवढाच, आईला असेल तर त्याच्या निम्म्याच्या आसपास. हे आकडे पाश्चात्त्य देशांतले आहेत. भाचीला स्वतःला आजार नाही, म्हणजे तिच्या होणाऱ्या मुलांचा धोका याहून बराच खाली. आणि ज्या मुलांना टाईप १ होतो त्यांच्यातल्या ८५ टक्क्यांहून जास्त मुलांच्या जवळच्या नात्यात तो कुणालाच नसतो. समोरच्या मुलाच्या घरात आज नाही, म्हणून तिथे कधी येणार नाही असं कुणी लिहून देऊ शकत नाही.

उरलेला वाटा परिसराचा. फिनलंडमध्ये जगात सर्वाधिक टाईप १ आहे. सीमेपलीकडच्या रशियन कारेलियात एचएलएची घडण जवळजवळ तशीच, तरी तिथे तो सहापटीने कमी आढळला. विषाणू, आतड्यातले जिवाणू, स्वच्छतेच्या सवयी, बरंच काही शोधलं जातंय.

ग्रेव्हज आणि गरोदरपणातला थायरॉइड यांवर मी सविस्तर लिहिलेलं नाही. ज्यांना अनुभव आहे त्यांनी भर घालावी.

दुर्वा

सर, फार बरं झालं लिहिलंत. माझ्या आईला आणि दोन्ही मावश्यांना थायरॉइड आहे. माझा टीएसएच (थायरॉइड मंदावला की वाढणारं हार्मोन) नॉर्मल, पण अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धच्या अँटिबॉडी) बराच वाढलेला आलाय. गोळी लगेच सुरू करायची का? आणि घरात हे सगळ्या बायकांनाच का? बाबा, मामा सगळे ठणठणीत.

डॉ. सुरंगी

दुर्वा, मी डिचोलीत मेडिसिनची प्रॅक्टिस करते, म्हणून उत्तर देते. टीएसएच नॉर्मल असताना केवळ अँटिबॉडी आहेत म्हणून गोळी देत नाहीत. इंग्लंडमधल्या व्हिकम गावात हजारो लोकांचा वीस वर्षं पाठपुरावा झाला. फक्त अँटिबॉडी असलेल्या बायकांपैकी दर वर्षी साधारण २ टक्के बायकांचा थायरॉइड मंदावला. अँटिबॉडी आणि वाढलेला टीएसएच दोन्ही असतील तर वर्षाला ४ टक्क्यांच्या थोडं वर. म्हणजे वर्षातून एकदा टीएसएच तपासायचा आणि निर्धास्त राहायचं. मात्र दिवस राहिले की पहिल्याच भेटीत डॉक्टरांना हा रिपोर्ट दाखव. सुरुवातीच्या आठवड्यांत बाळ आईच्याच हार्मोनवर असतं आणि आईच्या ग्रंथीवर ताण वाढतो. बाळंतपणानंतरच्या वर्षातही लक्ष ठेव. टीपीओ पॉझिटिव्ह बायकांपैकी जवळजवळ निम्म्यांना त्या काळात थायरॉइडची सूज येते. धडधड, चिडचिड आणि मग एकदम गळून जाणं. घरचे म्हणतात बाळामुळे झोप नाही, म्हणून होतंय. रक्त तपासलं की कळतं.

बायकांनाच का याचं पूर्ण उत्तर अजून हाती नाही. बायकांत दोन एक्स गुणसूत्रं असतात, त्यातलं एक गप्प करावं लागतं, आणि त्या प्रक्रियेचाच प्रतिकारशक्तीशी संबंध दिसतोय. टर्नर सिंड्रोममध्ये एकच एक्स असूनही हाशिमोटो बराच जास्त आढळतो, म्हणजे नुसती एक्सची संख्या मोजून हे सुटत नाही. डाऊन सिंड्रोमच्या मुलांतही थायरॉइड आणि टाईप १ जास्त. त्यांचं जादा गुणसूत्र एकविसावं, तेच एआयआरईचं. अशा मुलांच्या आईवडिलांनी दर वर्षी टीएसएच चुकवू नये.

पेडण्याचो_भाऊ

मास्तर, देव बरें करूं. एक साधा प्रश्न. आम्ही रोज नुस्तें खाणारी माणसं. बांगडा, तिसऱ्या, शिणाणे, सगळं दर्याचं. आयोडीन पोटभर. तरी आमच्या वाड्यावर घरटी एक बाई थायरॉइडची गोळी घेते. म्हणजे नुस्तें खाऊन काही उपयोग नाही? आणि बायकोने व्हॉट्सॲपवर वाचलं की आयोडीनच्या मिठामुळेच थायरॉइड होतो, तेव्हापासून ती आगरवाड्याचं खडेमीठच आणते.

तांबडीमाती

भाऊ, आयोडीन कमी पडून होणारा गलगंड आणि हाशिमोटो हे वेगळे आजार. पहिला मीठ-मासळीने टळतो. दुसऱ्यात ग्रंथीला कच्चा माल मिळतोय, पण ग्रंथीच मार खातेय, तिथे मासळी काय करणार? उलट आयोडीन फार जास्त झालं तर ज्यांच्यात कल आहे त्यांचा आजार लवकर वर येतो, हे खरं आहे. आयोडीन वाढलं की थायरोग्लोब्युलिनमध्ये ते जास्त बसतं, आणि असं प्रथिन प्रतिकारशक्तीच्या नजरेत चटकन भरतं. पण "फार जास्त" म्हणजे समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल, केल्पच्या पावडरी, "थायरॉइड सपोर्ट" म्हणून ऑनलाइन विकतात त्या गोळ्या. शीत-कडी आणि तळलेला बांगडा यांनी तिथवर कुणी पोचत नाही.

आगरातल्या खडेमिठाला माझा विरोध नाही, मिठागरं टिकावीत असंच वाटतं. लोणच्याला, चेपणीच्या तोरांना (मिठात मुरवलेल्या कैऱ्यांना) तेच हवं. पण त्यात आयोडीन मिसळलेलं नसतं, तेव्हा रोजच्या जेवणात आयोडीनचं मीठ असू द्या. घरात कुणी गरोदर असेल तर नक्कीच.

डॉ. सुरंगी

चेपणीच्या तोरांवरून एक पेशंट आठवली, तिची परवानगी घेऊन सांगते. तिशीतली बाई, लहानपणापासून टाईप १. काही महिन्यांपासून इन्सुलिन आपोआप कमी लागू लागलं. घरचे खूश, शुगर सुटत चालली म्हणून. ती मात्र वाळत होती, उठलं की चक्कर. आणि तोरांच्या बरणीतलं खारं पाणी वाटीत घेऊन प्यायची, चोरून. मी हात बघितले तर तळव्याच्या रेषा काळ्या, हिरड्यांवर काळपट डाग, आणि ब्लड प्रेशर अगदी खाली. ॲडिसन! ॲड्रीनलमध्ये कॉर्टिसोल हे हार्मोन बनत नसल्याने शुगर खाली जात होती, आणि ॲल्डोस्टेरॉन बनत नसल्याने शरीरातलं मीठ निघून जात होतं. पिट्युटरी ॲड्रीनलला कामाला लावणारं एसीटीएच वाढवत राहते आणि त्याने कातडी काळवंडते.

हे सांगते कारण अशा घरांत एक धोका खरोखर जीवघेणा आहे. टीएसएच थोडा वाढलेला दिसला आणि ॲडिसन न ओळखता थायरॉइडची गोळी सुरू केली, तर उरलंसुरलं कॉर्टिसोल आणखी झपाट्याने खर्च होतं आणि बाई कोसळू शकते. आधी स्टिरॉइड, मग थायरॉइड, हा क्रम चुकता कामा नये. तुमच्या घरात ॲडिसन आहे हे प्रत्येक डॉक्टरला सांगा, विचारलं नाही तरी सांगा. आणखी एक. आपल्याकडे ॲडिसन दिसला की क्षयाचाही विचार करावाच लागतो. थॉमस ॲडिसनने १८५५ मध्ये हा आजार लिहिला तेव्हाच्या रुग्णांतही क्षय होताच, आणि भारतात तो अजून गेलेला नाही. २१-हायड्रॉक्सिलेज या ॲड्रीनलमधल्या एन्झाइमविरुद्ध अँटिबॉडी मिळाल्या तर तो ऑटोइम्यून, म्हणजे आपल्याच प्रतिकारशक्तीने केलेला.

मांडवीकाठ

थोरल्या मुलाला टाईप १ आहे, धाकटी चार वर्षांची. थुंकीचा नमुना पाठवून जनुकं तपासून देणारी एक जाहिरात सारखी येते. रक्कम मोठी आहे, पण मनाला घोर लागून राहिलाय. करून घ्यावी का?

डॉ. सुरंगी

नका करू. तिच्यात डीआर३ निघालं तर घोर वाढेल, करण्यासारखं काही हाती येणार नाही. नाही निघालं तर खोटा दिलासा. शिवाय असे धोक्याचे हिशेब मुख्यतः युरोपीय लोकांवरून बसवलेले आहेत. पुण्याच्या आणि एक्सेटरच्या संशोधकांनी २०२० मध्ये तोच हिशेब भारतीय रुग्णांना लावून पाहिला. टाईप १ आणि टाईप २ वेगळे ओळखायला तो उपयोगी पडला, पण एचएलएचे सगळेच प्रकार आपल्याकडे त्याच वजनाचे निघाले नाहीत. युरोपात महत्त्वाचं असलेलं पीटीपीएन२२ जनुकाचं एक रूप तर आपल्याकडे क्वचितच आढळतं.

पैसे घालायचेच तर अँटिबॉडीत घाला. बीटा पेशींतल्या जीएडी, आयए-२, झिंक ट्रान्सपोर्टर-८ आणि इन्सुलिन या प्रथिनांविरुद्धच्या. मुलांमध्ये यातल्या दोन किंवा जास्त पॉझिटिव्ह आल्या तर दहा वर्षांत सुमारे ७० टक्के मुलांना डायबेटिस होतो, हे मोठ्या पाठपुराव्यातून कळलंय. अशा अँटिबॉडी असून साखरही थोडी बिघडू लागलेल्या, आठ वर्षांपुढच्या रुग्णांसाठी टेप्लिझुमॅब नावाचं औषध अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये मान्य झालं. ते आजार थांबवत नाही, मूळ अभ्यासात त्याने तो सरासरी दोन वर्षं पुढे ढकलला. आपल्यासाठी खरा फायदा म्हणजे आधी कळल्यामुळे मूल बेशुद्ध होऊन दवाखान्यात येत नाही. आणि तपासणी केली नाही तरी एवढं कराच: मुलगी वारंवार पाणी मागू लागली, अंथरूण ओलं करू लागली, वजन उतरलं, तर थोरल्याचा ग्लुकोमीटर घरात आहे, त्याच क्षणी बोटाचं रक्त बघा. उद्यावर ढकलू नका.

जनुकाची तपासणी एका ठिकाणी खरंच आयुष्य बदलते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला डायबेटिस निघाला तर तो बहुधा ऑटोइम्यून नसतोच, एका जनुकाचा दोष असतो, आणि त्यातल्या बऱ्याच बाळांचं इन्सुलिन सुटून गोळीवर भागतं.

सत्तरीची_लेक

सर, तुमचे आकडे पटले, पण एका गोष्टीवर बोलायचंय. मडगावच्या त्या बाईंना तुम्ही एवढं समजावायला निघालात. मुलाच्या घरचं कुणी विचारलं का? माझ्या चुलत बहिणीला कोपरावर कोडाचा रुपयाएवढा डाग होता, तीन स्थळं मोडली. तिच्या नवऱ्याच्या घरात पुढे टाईप १ निघाला. मुलीकडच्यांनी अशा चौकशांना उत्तरंच देऊ नयेत असं माझं ठाम मत आहे.

तांबडीमाती

तुमचा राग रास्त आहे. कोडही याच कुटुंबातलं. थायरॉइड, टाईप १ आणि कोड एकाच घरात दिसतात तेव्हा सतराव्या गुणसूत्रावरच्या एनएलआरपी१ जनुकाचा संबंध सापडलाय. पण उत्तरच देऊ नये, इथे मी वेगळा आहे. स्वतःला असलेला आजार दोन्ही बाजूंनी उघड सांगावा, कारण औषध रोज एका घरात राहून घ्यायचंय. भावाचा, मावशीचा आजार हा मात्र स्थळाचा निकष होऊ शकत नाही, आणि तसं स्पष्ट म्हणावं. भाचीने स्वतःच त्या मुलाला फोन करून हे सांगितलं. पुढचं ते दोघं बघतील.

पेडण्याचो_भाऊ

मग मामाच्या मुलीशी लग्न? आमच्याकडे अजून होतात.

तांबडीमाती

हाशिमोटो, टाईप १ असल्या अनेक जनुकांच्या आजारांत त्याने फार फरक पडत नाही. एआयआरईसारख्या आजारात मात्र पडतो. तिथे आई आणि बाप दोघांकडून बिघडलेली प्रत यावी लागते, आणि नात्यातल्या लग्नात तीच प्रत दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. तसं असलं तर प्रत्येक बाळंतपणात २५ टक्के धोका. घरात आधी असं मूल झालेलं असेल तर लग्नाआधी समुपदेशन घ्यावं, आणि तिथे जनुकाची तपासणी सार्थ आहे.

मांडवीकाठ

डॉक्टर, धाकटीच्या अँटिबॉडी करतोय. थोरल्याचं पोट महिनाभर फुगतंय, उंचीही अडलीय. बायको म्हणते गहू बंद करू. सकाळची पोई आजपासून बंद केली तर चालेल?

डॉ. सुरंगी

आज नको! टाईप १ च्या मुलांत सीलिॲक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला होणारा ऑटोइम्यून आजार) बराच आढळतो, दोन्हींत एचएलएचे डीक्यू२ आणि डीक्यू८ प्रकार सामाईक आहेत. पण गहू बंद केला की सीलिॲक दाखवणाऱ्या टीटीजी-आयजीए अँटिबॉडी हळूहळू उतरतात आणि तपासणी फसते. आधी रक्त द्या, एकूण आयजीए पण मागा, रिपोर्ट येईपर्यंत पोई चालू. आणि उंची अडली आहे तर त्याच नळीत टीएसएच.

मांडवीकाठ

लॅबवाला सकाळी सातला येतोय. पोई आणणाऱ्या पोदेरालाही नेहमीप्रमाणे यायला सांगितलंय.